लिहून विचारा

मल्लेश्वरम, बंगलोर
१५ जुलै १९५८

ती. अण्णास,

तुझं कार्ड काल मिळालं. दोन वर्षांनी तुझं अक्षर दिसलं, म्हणून फाटकातच उभी राहून वाचलं. ‘नयनाला दसऱ्याच्या आत बेळगावला आणून पोचवावे. मला न विचारता माझी मुलगी नेलीस. तुझ्या शाळेचे प्रयोग तिच्यावर नकोत.’ खाली सही ‘त्रिविक्रम’ अशी. मला लिहिताना तू नेहमी नुसतं ‘अण्णा’ लिहायचास.

न विचारता नेली हे खरं. तू परीक्षेच्या कामाला हुबळीला गेला होतास आणि मी तिला घेऊन गाडीत बसले. त्याबद्दल जास्त काही लिहीत नाही. दोष माझा, एवढं धरून चाल.

पण अण्णा, तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि तिला एक अक्षर येत नव्हतं. चौथ्या वर्षी तापात तिचे कान गेले. त्याआधी जे चार शब्द बोलायची, तेही मग वेडेवाकडे होत गेले. तू हेडमास्तर, निम्म्या गावाची मुलं तुझ्या हाताखालून शिकून गेली. आणि घरात पाहुणे आले की तुझी मुलगी आतल्या खोलीत, कारण तिचा आवाज ऐकून लोक दचकतात. हे मी रागाने लिहीत नाही. तुला तिची लाज वाटायची असंही म्हणत नाही. हिला कोणी हसू नये, एवढंच तुझ्या मनात असेल.

आमचे हे वारल्यावर घर मला मोठं झालं, म्हणून पुढच्या तीन खोल्यांत मी शाळा काढली. तिथे आता एकतीस मुलं आहेत. कानडी, तमिळ, उर्दू, मराठी बोलणारी. रंगूनहून परतलेल्या एका घरातले दोघे भाऊ. आणि विमानाच्या कारखान्यात आलेल्या एका जर्मन इंजिनिअरची मुलगी, हेल्गा. हेल्गा आली तेव्हा तिला कोणाचं काही कळेना आणि कोणाला तिचं. नयनाला तर कोणाचंच ऐकू येत नाही. म्हणून त्या दोघी हातांनी बोलायला लागल्या. बाकीच्या मुलांना ते सोपं वाटलं, तीही शिकली. आज माझ्या शाळेत सहा भाषा आहेत, आणि सगळ्यांना येणारी एकच, नयनाची.

सोमवारी सकाळी एखादं मूल फळ्यावर प्रश्न लिहितं आणि आठवडाभर आम्ही त्याच्या मागे असतो. या आठवड्याचा प्रश्न तुझ्या मुलीचा आहे. ‘मुंगी परत घरी कशी जाते?’ तो तिने स्वतः लिहिला, मराठीत आणि खाली कानडीत.

दसऱ्याला तीन महिने आहेत. एकदा येऊन पाहा आणि मग न्यायची तर ने. प्रेमावहिनीला नमस्कार.

कृष्णा


३ ऑगस्ट १९५८

ती. अण्णास,

तुझं उत्तर नाही. तरी लिहिते, कारण मागच्या पत्रात मी तुला शाळेची चांगली बाजू तेवढी दाखवली. उद्या दुसऱ्या कोणाकडून कळायचं, त्यापेक्षा माझ्याकडून कळू दे.

शाळेला अजून सरकारी मान्यता नाही. ती मिळाली नाही, तर आमच्या चौथीच्या मुलांना पुढे कोणी घेणार नाही. एप्रिलपासून अर्ज पडून आहे. आणि आता शाळेविरुद्ध तक्रार गेली आहे.

झालं असं. यल्लव्वा म्हणून माझ्याकडे कामाला बाई आहे, निपाणीकडची. झाडलोट करते, दुपारी मुलांना वाढते. तिची नात नीलव्वा आमच्याच वर्गात बसते आणि बाकीच्यांसारखी माठातलं पाणी ओतून घेऊन पिते. एक वकील आले, त्यांची दोन मुलं आमच्याकडे होती. फार सभ्यपणे बोलले. “कृष्णाबाई, शिकवा तिला, माझी ना नाही. दुसरा माठ ठेवा, झालं.” मी म्हटलं, दुसरा ठेवते, पण मग कोणी कुठल्या माठातलं प्यायचं हे मुलांना मी कसं समजावू? ती सकाळी प्रश्न विचारतील आणि माझ्याकडे उत्तर नसेल. ते हसले. जाताना व्हरांड्यात नयना काहीतरी मोठ्याने बोलत होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “आणि ही? हिच्या संगतीने आमची मुलं हातवारे करायला लागलीत घरी.”

दुसऱ्या दिवशी चार मुलं कमी झाली. दहाव्या दिवशी खात्याचं पत्र आलं की सप्टेंबरात इन्स्पेक्टर येतील. यल्लव्वा माझ्यापुढे येऊन बसली. म्हणाली, “बाई, माझ्या नातीपायी तुमची शाळा बुडाया नको. मी तिला घरी ठिवते.” मी तिला म्हटलं, नीलव्वा घरी बसली तर मग शाळा उरली कुठे? खोल्या उरतील.

तिला हे ठामपणे सांगितलं खरं. पण तुला लिहायला हरकत नाही, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

कृष्णा


३० ऑगस्ट १९५८

ती. अण्णास,

हे पत्र वाचून तू कदाचित पहिल्या गाडीने येशील आणि नयनाला घेऊन जाशील. गेलास तर मी अडवणार नाही. आधी एवढंच लिहिते की नयना सुखरूप आहे, आता माझ्यासमोर बसून शेंगा सोलते आहे.

या आठवड्याचा प्रश्न रंगूनच्या धाकट्याचा होता. आगगाडीला सुकाणू नसतं, मग ती वळते कशी? गुरुवारी मी चौदा मुलांना घेऊन कॅन्टोन्मेंटहून पॅसेंजरने कृष्णराजपुरमला गेले. तिथल्या सांधेवाल्याने मुलांना सांधा दाखवला. दांडा ओढला की रूळ सरकतो आणि गाडी दुसऱ्या वाटेला लागते. मुलं खूश. परतीची गाडी आली, मी सगळ्यांना चढवलं, डोकी मोजली, चौदा भरली. नीलव्वा एका खिडकीतून उठून दुसऱ्या खिडकीत गेली होती आणि मी तिला दोनदा मोजलं. हे मला कॅन्टोन्मेंटला उतरल्यावर कळलं.

नयना मागे राहिली होती. सांध्यापाशी. गाडीची शिटी तिला ऐकू आली नाही.

अण्णा, मी मुलांना प्लॅटफॉर्मवर एका रांगेत बसवलं. हेल्गाला खुणेने सांगितलं की कोणी उठायचं नाही, आणि स्टेशनमास्तरकडे धावले. तो म्हणाला, “स्वल्प कूत्कोळ्ळी, अम्मा.” जरा बसा. मी बसले नाही. त्याने तिकडच्या स्टेशनला फोन लावला. दहा वर्षांची मुलगी, निळं परकर-पोलकं, ऐकू येत नाही, बोललेलं कळणार नाही, असं मी सांगत होते आणि तो पुढे सांगत होता. रूळ, इंजिनं, मालगाडी, सगळं माझ्या डोळ्यांपुढे येत होतं. पलीकडच्या माणसाने काहीतरी सांगितलं. मग हा मास्तर हसायला लागला. मला त्या माणसाचा इतका राग आला, की काय सांगू.

तो म्हणाला, “ती त्यांच्या ऑफिसात बसली आहे, अम्मा. तुमच्यापेक्षा ठीक आहे.”

गाडी गेलेली पाहिल्यावर ती स्वतः तिथल्या मास्तरांच्या खोलीत गेली होती. त्यांनी दोन-तीनदा काही विचारलं. मग हिने त्यांच्या टेबलावरची पेन्सिल उचलली आणि एका जुन्या फॉर्मच्या पाठीवर लिहिलं, “ननगे किवि केळिसुवुदिल्ल. बरेदु केळि.” मला ऐकू येत नाही, लिहून विचारा. खाली आपलं नाव, शाळेचं नाव, रस्ता. मुलांना इकडच्या मास्तरांच्या हवाली करून मी तासाभराने पोचले तेव्हा तो कागद दोन्ही बाजूंनी भरला होता. त्यांनी विचारलं होतं, भूक लागली आहे का. तिने लिहिलं होतं, नाही. दोन गाड्या एकदम आल्या तर सांधेवाला कोणती आधी सोडतो? आणि मास्तरांनी त्याचं उत्तर पुऱ्या पाच ओळींत दिलं होतं, आकृती काढून.

मी तिला जवळ घेतलं आणि रडले. तिला ते जरा चमत्कारिक वाटलं असावं. तिने मला कागद दाखवला.

तिने कानडीत लिहिलं, हे तुला रुचणार नाही, मला ठाऊक आहे. सीमेच्या भांडणात तू किती होरपळला आहेस तेही ठाऊक आहे. पण त्या खोलीत मराठी वाचणारं कोणी नव्हतं.

हे तुला न कळवता राहता आलं असतं. कोणी सांगायला येणार नव्हतं. पण तुझी मुलगी तासभर माझ्या हातून हरवली होती, आणि ते तुला ठाऊक असायला हवं. तिला ने म्हणालास, तर तुझ्याकडे आता खरं कारण आहे.

कृष्णा


१३ सप्टेंबर १९५८

ती. अण्णास,

काल वहिनीचं पत्र आलं. स्टेशनची हकिकत तू दोनदा वाचलीस, मग तिला वाचून दाखवलीस आणि म्हणालास, “हे तिने लपवलं असतं तरी मला कळलं नसतं.” त्यावर वहिनीला राहवलं नाही आणि तिने तुला सगळं सांगितलं.

तर आता मीही लिहिते. होय, तिनेच मला पत्र टाकून बोलावून घेतलं होतं. नयनाचे कपडे तिने बांधून दिले, डबा दिला, स्टेशनवर ती आली होती. म्हणाली होती, “तुम्ही न्या वन्सं, मागचं मी बघून घेते.” तू परत आलास तेव्हा तिचा धीर झाला नाही. मी तिला लिहिलं, सगळं माझ्यावर घाल. मी लांब आहे, मला रोज तुझ्यासमोर पान वाढायचं नाही.

तू तिच्यावर चिडला नाहीस म्हणे. पाचव्या दिवशी जेवताना विचारलंस, “जाताना रडली का?” वहिनी म्हणाली, “ती नाही, मी.” हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन झाडांना पाणी घातलं. दोन वर्षं छातीवर ठेवलेला पाटा कोणीतरी उचलून नेल्यासारखं वाटलं.

आता इन्स्पेक्शनचं. भीमाचार्य म्हणून इन्स्पेक्टर बुधवारी आले. साठीकडे झुकलेले, कपाळावर गोपीचंदन, हातात छत्री. आल्या आल्या विचारलं, “दुसरा वर्ग कुठे बसतो?” आमचा दुसरा वर्ग तिसऱ्याबरोबर मुंग्यांचा नकाशा काढत होता. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. भिंतीवर जगाचा नकाशा आहे, त्यावर दोऱ्यांनी मुलांची गावं जोडली आहेत. रंगून, हँबुर्ग, निपाणी, बेळगाव. त्यापुढे ते थोडे थांबले. “हा कुठल्या विषयात येतो?” मी म्हटलं, भूगोलात. तेवढं खोटं बोलले.

मग त्यांनी तोंडी गणित घातलं. ते बोलत होते आणि नीलव्वा बोटांनी नयनाला सांगत होती. त्यांनी छत्री टेबलावर आपटली. “ही खाणाखुणांची लबाडी चालते का इथे?” मी समजावलं. त्यांना पटलं नाही. त्यांनी नीलव्वाला बाहेर पाठवलं, कागदावर स्वतः एक गणित लिहिलं आणि नयनासमोर ठेवून खुर्ची ओढून बसले.

नयनाने ते सोडवलं. मग शेजारी तेच परत सोडवलं, उत्तर वेगळं आलं. तिने खाली लिहिलं, “तुमचा सात एकासारखा दिसतो. सात असेल तर हे उत्तर, एक असेल तर ते.”

भीमाचार्यांनी चष्मा काढून पुसला, कागद पुन्हा पाहिला आणि मला म्हणाले, “पस्तीस वर्षं मी असाच सात काढतो. कोणी विचारलं नाही.” मग दारापाशी जाऊन त्यांनी नीलव्वाला आत बोलावलं. ती फाटकापासून धावत, धापा टाकत आली, तिला घाम आला होता. ते म्हणाले, “पाणी पी आधी.” तिने माठातलं घेतलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माठाकडे पाहिलं, आणि वही मिटली. स्वतः प्याले नाहीत. पण लिहिलंही काही नाही.

निकाल कधी लागेल ते सांगितलं नाही. यल्लव्वा म्हणते, “मिळतीय बाई. मान्सानं छत्री इसरलीय, परत याया लागनार त्याला.”

कृष्णा


१२ ऑक्टोबर १९५८

ती. अण्णास,

तू बेळगावला पोचल्याचं कार्ड मिळालं. खाली ‘अण्णा’ लिहिलं आहेस.

तू रिकामी ट्रंक घेऊन उतरलास, तेव्हाच मी मनातल्या मनात नयनाचे परकर घड्या करायला लागले होते. चार दिवस तू मागच्या भिंतीला टेकून वर्गात बसलास आणि एक शब्द बोलला नाहीस. मुलांना वाटलं तुलाही ऐकू येत नाही. हेल्गा तुझ्याशी खुणांनी बोलत होती आणि तू मान हलवत होतास, ते पाहून मला हसू आवरेना. आत जाऊन हसून आले.

शेवटच्या दिवशी काय झालं ते तू मला सांगितलं नाहीस. नयनाने सांगितलं. मागच्या पायरीवर तू तिच्याशेजारी बसलास आणि तिची पाटी घेऊन लिहिलंस, “घरी येतेस?” जन्मात पहिल्यांदा तू तिला काही लिहून विचारलंस. तिने लिहिलं, “सुट्टीत.” तू ते पुसलंस. मग पुन्हा लिहिलंस, “दिवाळीच्या?” तिने लिहिलं, “हो. आईला सांगा.” आणि मग म्हणे तुम्ही दोघं अंधार पडेपर्यंत पाटीवर बोलत होता. काय बोललात ते विचारल्यावर ती म्हणाली, ते अप्पांचं आणि माझं आहे.

मला हेवा वाटला, अण्णा. दोन वर्षं मी तिला वाढवलं. पण हेवा संध्याकाळपर्यंतच टिकला.

यल्लव्वाने ट्रंकेत भरून दिलेले पेरू नीट पोचले का? दिवाळीला मी तिला घेऊन येते. या वेळी तुला सांगून.

कृष्णा


२१ जून १९५९

ती. अण्णास,

तुझं पत्र वाचून मी आधी नयनाला दिलं, मग वहिनीने पाठवलेल्या लोणच्याची बरणी उघडली. आनंदाच्या दिवशी माणसाने काहीतरी आंबट खावं.

आधी इकडचं. नोव्हेंबरात तीन वर्षांची मान्यता मिळाली ते तुला ठाऊकच आहे. वर्गवार हजेरीपट ठेवायचा आणि नेमलेली पुस्तकं शिकवायची, या अटींवर. ठेवतो, शिकवतो. वकिलांची धाकटी परत आली. वकील आले नाहीत, त्यांची बायको घेऊन आली. भीमाचार्यांनी छत्री न्यायला शिपाई पाठवला. आणि परवा नयना व नीलव्वा दोघींना जवळच्या मुलींच्या शाळेत पाचवीत प्रवेश मिळाला. तिथल्या बाईंनी नयनाला तोंडी काही विचारलं, हिने पिशवीतून वही काढून त्यांच्यापुढे सारली. मी खिडकीबाहेर उभी होते. त्या बाईंनी पेन उघडलं. बस्स, मी तिथून निघाले आणि रस्त्यात एका दगडावर बसून राहिले. दुःखाने नव्हे.

आता तुझं. तुझ्या शाळेत दामोदर नावाचा मुलगा आला आहे, गोवराने कान गेलेला, आणि मास्तर त्याला वर्गात घ्यायला तयार नाहीत म्हणून तू स्वतःच्या वर्गात घेतला आहेस. आणि मला विचारतोस, कसं शिकवायचं. मी तुझ्या हाताखाली पाच वर्षं मास्तरकी केली, अण्णा. तेव्हा तू मला कधी काही विचारलं नव्हतंस.

तर ऐक. फळ्याकडे तोंड करून बोलू नकोस. लिही, मग वळ, मग बोल. मिशी थोडी कापून घे, ओठ दिसत नाहीत. त्याला मोठ्याने ओरडून सांगू नकोस, त्याचा उपयोग नसतो आणि तोंड वाकडं दिसतं. एक पाटी तुम्हा दोघांची वेगळी ठेव. वर्गातल्या एखाद्या चुणचुणीत मुलाला त्याच्या शेजारी बसव, पण रोज तोच नको, नाहीतर बाकीचे शिकणार नाहीत. आणि त्याला पहिल्या बाकावर बसव.

एवढं लिहून मी नयनाला वाचायला दिलं. तिने शेवटच्या ओळीवर काट मारली आणि पेन मागून घेतलं. पुढचं तिचं आहे.

ती. अप्पांस,
आत्याचं बाकी सगळं बरोबर आहे. पण दामोदरला पहिल्या बाकावर बसवू नका. तिथून फक्त मास्तर दिसतात. मागची मुलं हसली तर का हसली ते कळत नाही, आणि वाटतं आपल्यालाच हसली. त्याला खिडकीकडच्या भिंतीशी बसवा, सगळ्या वर्गाकडे तोंड करून. मग तोही हसेल.
नयना